आयर्विनला किती फूट?

आमच्याकडे वाईट बातमीला पूर्वी घरात प्रवेश नव्हता. ती पोस्टकार्डावर यायची आणि कार्डाच्या माथ्यावर ‘श्री’ नसला की वाचायच्या आधीच ओळखू यायची. शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखं ते कार्ड उंबऱ्याच्या बाहेर अवघडून थांबायचं. आजोबा ओट्यावर उभ्याउभ्या वाचायचे, ओठसुद्धा न हलवता. वाचून झालं की तिथंच त्याचे चार तुकडे व्हायचे आणि ते तुकडे रस्त्याच्या कडेनं वाऱ्यावर निघून जायचे. मग न्हाणीघरात अवेळी पाण्याचा आवाज. भर दुपारी बंबाशिवाय, थंड पाण्यानं कुणी अंघोळ करतंय म्हटल्यावर आम्हा मुलांना कळायचं की दूरच्या कुठल्यातरी गावातलं, आम्ही कधी न पाहिलेलं एक माणूस आज कमी झालं. ओल्या पंच्यानिशी बाहेर आलेले आजोबा पहिला प्रश्न विचारायचे तो असा : “मिरजेची गाडी किती वाजता आहे?” मृत्यूसारख्या अफाट गोष्टीचं एका तांब्यात आणि एका वेळापत्रकात रूपांतर करण्याची ही हातोटी त्यांना कुणी शिकवली होती, कोण जाणे.

तारेचंही तसंच. तार म्हटली की बायका आधी डोळ्याला पदर लावत आणि मग ती वाचून दाखवणाऱ्या शेजाऱ्याला शोधत. कित्येकदा आत पोरगं पास झाल्याचा निरोप निघे आणि रडणं अर्ध्यात थांबवून पेढे आणायला पळावं लागे. पण खरोखरची वाईट तार मात्र फार नेमकी असे. शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे दुःखालाही काटकसर करावी लागे. ‘फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ दोन शब्दांत बातमी, दोन शब्दांत काम. पुढची रात्र एसटीच्या कडक बाकावर जायची, पण त्या रात्रीत माणूस काहीतरी करत असायचा. जाता जाता, आपण तिथं पोचेपर्यंत सगळं ठीक होईल, असं स्वतःला समजावण्याचंही एक काम असायचं. २०१३ च्या जुलैमध्ये देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे मृत्युलेख लिहिले. त्या लेखांत तारेच्या वेगाचं कौतुक होतं. तिच्या अंगच्या आज्ञार्थाचं कौतुक कुणी केलं नाही.

आता बातमीला उंबरठा लागत नाही. ती उशाशी झोपते आणि आपल्या आधी उठते. डोळे पुरते उघडायच्या आत अंगठा वर सरकू लागतो : कुठं दरड, कुठं युद्ध, कुणाचा खून, बाजाराची घसरण, एका अनोळखी देशात कोसळलेला पूल, त्याखाली मोदक खुसखुशीत होण्यासाठीची युक्ती आणि लगेच पुन्हा खून. टीव्हीवर तर लाल पट्ट्या, लाल बाण आणि लाल वर्तुळं यांचं असं राज्य आहे की एखाद्या दिवशी खरोखर सूर्योदय झाला तरी तो ‘ब्रेकिंग’मध्ये हरवून जाईल. खालची पट्टी मालगाडीसारखी सरकत राहते. तिचा गार्डचा डबा आजवर कुणीही पाहिलेला नाही.

सांगलीच्या गावभागात राहणारी माझी मावशी या पट्टीची निष्ठावंत प्रवासी. तिचा फोन आला की क्षेमकुशल विचारायच्या आधी ती बातमी देते. “अरे, तुमच्या पुण्यात गव्याला बघून लोक सैरावैरा पळालीत म्हणे!” मी सांगतो, की आमच्या गल्लीत गवा आलेला नाही. “आज नाही आला,” मावशी म्हणते. कुठं गॅसची टाकी फुटली की ती आपल्या शेगडीची नळी वास घेऊन पाहते. कुठं लिफ्ट अडकली की मला जिने चढायला सांगते, आणि मी जिने चढू लागल्यावर कुठंतरी जिन्यातच कुणाला तरी झटका आल्याची बातमी येते. ज्येष्ठ अमेरिकी माध्यम-अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी फार पूर्वीच मांडून ठेवलं होतं, की जो माणूस टीव्ही जास्त पाहतो त्याला जग आहे त्यापेक्षा अधिक दुष्ट आणि धोक्याचं वाटू लागतं. गर्बनरसाहेबांनी आमची मावशी पाहिली नव्हती, तरी तिचं चित्र त्यांनी हुबेहूब काढलं.

यात शरीराची मोठी पंचाईत होते. शरीर हा एक जुना, प्रामाणिक, पण जरा भोळा कारभारी आहे. डोळ्यांनी ‘धोका’ असं कळवलं की तो जागेची, अंतराची चौकशी करत बसत नाही. मेंदूतल्या बदामाएवढ्या एका केंद्रातून हाकाटी उठते, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल सोडतात, छाती धडधडते, रक्तात साखर वाढते, पचनाला ‘तू नंतर ये’ असं सांगून रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळवलं जातं. सगळी सिद्धता पळण्याची किंवा लढण्याची. आणि आपण असतो सोफ्यावर, हातात चहाचा कप. पळायचं कुठं? लढायचं कुणाशी? कारभाऱ्यानं घोडे खोगीर घालून दारात उभे केलेले, आणि धनी आतून म्हणतात, “असू दे, पुढची बातमी बघू.” घोडे रात्रभर खूर आपटत राहतात. त्यालाच आपण सकाळी ‘झोप नीट लागली नाही’, ‘ॲसिडिटी झाली’, ‘मान धरली’ असं म्हणतो आणि उशी बदलतो. असे दिवस साचत गेले की रक्तदाबाचा डॉक्टर भेटतो. तो मीठ कमी करायला सांगतो, बातम्यांचं विचारत नाही.

ताडोबाच्या जंगलात मोहर्लीच्या बाजूनं आत शिरलं की गाइड एकाएकी हात वर करून जिप्सी थांबवतो आणि कुजबुजतो, “कॉल!” झाडावरचं वानर खाकरल्यासारखं ओरडलेलं असतं, किंवा चितळानं तीक्ष्ण साद घातलेली असते. वाघ चालू लागला की त्याच्या पुढं पुढं ही बातमी चालते. गाइड लोकांचं एक शास्त्र आहे : चितळाच्या कॉलवर फार भिस्त ठेवू नये, ते उगाचही दचकतं; सांबरानं कॉल दिला तर मात्र वाघ आहेच समजावं. म्हणजे जंगलातही माध्यमांची पत ठरलेली असते. पण मला कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. वाघ पाणवठा ओलांडून निघून जातो, कॉल थांबतात, आणि घटकाभरापूर्वी कान टवकारून दगड झालेली चितळं खाली मान घालून चरू लागतात. मोहर्लीच्या चितळाला पेंचमधल्या बिबट्याची बातमी येत नाही. गेल्या उन्हाळ्यातल्या शिकारीची दृश्यं त्याला कुणी पुन्हा पुन्हा दाखवत नाही, आणि ‘वाघ पुन्हा येणार का?’ या विषयावर चार सांबरं एकाच वेळी भांडतानाही त्याला ऐकावी लागत नाहीत. त्याचं भय त्याच्या पायांना पेलेल एवढंच असतं.

माणसांत मात्र वाईट बातम्या ऐकत राहण्याच्या या व्यसनाची परंपरा थोर आहे. महाभारतातल्या धृतराष्ट्राला व्यासांनी दृष्टी देऊ केली होती. युद्ध प्रत्यक्ष पाहा, म्हणाले. आपल्याच कुळाचा संहार डोळ्यांनी पाहायला तो नको म्हणाला. पण ऐकायचं मात्र सगळं होतं, काही न वगळता. मग दिव्यदृष्टी संजयाला मिळाली आणि राजाच्या वाट्याला वार्तांकन आलं. संजय येतो तोच मुळी दहाव्या दिवशी, भीष्म पडल्याची बातमी घेऊन. तिथून पुढं एकेक मोठं नाव पडत जातं, राजा मूर्च्छित होतो, सेवक वारा घालतात, आणि शुद्धीवर आला की त्याचं पुन्हा सुरू : मग पुढं काय झालं, संजया? कुरुक्षेत्रावर लाखो माणसं होती, त्या प्रत्येकाच्या हाताला काही ना काही काम होतं. रथ हाकायचा, जखम बांधायची, प्रेत उचलायचं. साऱ्या भारतवर्षात एकटा हा म्हातारा असा होता, की ज्याला ऐकण्यावाचून काही करायचं नव्हतं. करण्याची वेळ होती तेव्हा त्यानं काही केलं नाही ही गोष्ट वेगळी, आणि ती सुनावायला संजयही चुकत नाही. पण त्या मूर्च्छांचा मला अलीकडे फार कळवळा येतो. सतत ऐकत बसलेल्या माणसाच्या शरीरानं शेवटी स्वतःच टाकलेला तो पडदा असावा.

हे सगळं मी मावशीला एकदा समजावून सांगणार होतो. तेवढ्यात २०१९ चा ऑगस्ट आला.

सांगलीकरांच्या आयुष्यात एक बातमी इतर सगळ्या बातम्यांहून निराळी असते. पावसाळा लागला की तिथं माणसं एकमेकांना ‘काय म्हणता’ऐवजी “आयर्विनला किती फूट?” असं विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची मोजतात. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ धोक्याची. कोयनेतून किती विसर्ग सोडलाय, पाणी सांगलीत कधी पोचेल, याचा हिशोब तिथल्या शाळकरी पोरालाही तोंडी करता येतो. प्रत्येक फुटाला एकेक काम बांधलेलं. अमुक फुटाला गाद्या माळ्यावर, अमुक फुटाला धान्याचे डबे, त्याच्या पुढं म्हशी आणि म्हातारी माणसं. ही खास सांबराची साद. तिनं कुणाची झोप उडाली तरी उठून करायला काहीतरी असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं.

मी पुण्यात होतो. मावशीचा फोन बंद, गावभागात पाणी, वीज नाही. पाहण्यासारखं होतं ते टीव्हीवर, आणि ते मी पाहिलं. एकच बोट, एकच पत्रा, पाण्यातून वर आलेला एकच विजेचा खांब, सकाळी, दुपारी, रात्री. त्या खांबाची आणि माझी इतकी ओळख झाली की आजही दिसला तर मी त्याला नमस्कार करीन. जेवण जात नव्हतं. छातीत धडधड. मध्यरात्री उठून आवाज बंद करून चित्रं पाहायची, कारण आवाजानं घरातले उठतात आणि चित्रं न पाहिली तर मावशी बुडेल, असं काहीतरी मनानं घेतलेलं. माझ्या पाहण्याच्या दोरीला धरून ती तिकडं तरंगते आहे अशी ती भाबडी, थोडीशी अहंकारी समजूत होती.

पाणी ओसरल्यावर फोन लागला. मावशीचा आवाज देवळातल्या घंटेसारखा खणखणीत. “काय व्हायचंय मला? माडीवर होतो की सगळे.” गॅसची टाकी वेळेवर वर नेलेली. खालच्या बिऱ्हाडातली माणसं, समोरच्या घरातली दोन म्हातारी आणि कुणाचं तरी एक घाबरलेलं मांजर, अशी सगळी वर्दळ माडीवर. रोज खिचडी. पत्र्यावरून येणारं पावसाचं पाणी भांड्यांत धरायचं, पोरांना अंताक्षरीत गुंतवायचं, रात्री पायऱ्यांवर खडूची रेघ मारून पाणी वाढलं की उतरलं ते बघायचं. शिबिरात डॉक्टरनं रक्तदाब मोजला तेव्हा तो म्हणाला, “आजी, माझ्यापेक्षा तुमचा बरा आहे.” मावशीनं हे मला तीनदा सांगितलं. एरवी दुसऱ्याच्या गावातल्या गव्यानं जिचं काळीज उडायचं, ती बाई घरात कृष्णा शिरल्यावर खिचडीत हळद जास्त झाली का, एवढीच चिंता करत होती. “आणि टीव्ही?” मी विचारलं. “तो गेला बिचारा पहिल्याच दिवशी. खालीच राहिला.”

हा आमच्याच घराण्याचा तऱ्हेवाईकपणा असेल, असं मला वाटे. पण १५ एप्रिल २०१३ ला अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर संशोधकांनी हजारो लोकांची विचारपूस केली होती. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्या स्फोटांच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं आढळली ती स्फोटाच्या जागी किंवा जवळपास असणाऱ्यांपेक्षाही अधिक. धुरात उभा असलेला माणूस निदान शेजाऱ्याला हात देतो, धावतो, घरी पोचतो, घटना मागं पडते. पडद्यासमोर बसलेल्यासाठी तोच स्फोट दर अर्ध्या तासानं नव्यानं होतो. दुसऱ्या एका अभ्यासात सहा खंडांतल्या १७ देशांमधल्या माणसांना बातम्या दाखवून त्यांच्या हृदयाचे ठोके आणि त्वचेवरचा दमटपणा मोजला. सरासरीनं पाहता वाईट बातमीनंच शरीर जास्त चाळवतं, असं निघालं. म्हणजे बातम्या देणाऱ्यांवर फार रागावण्यातही अर्थ नाही. आपली त्वचाच वाईट बातमीची जुनी वर्गणीदार आहे.

कधी कधी मला १८ एप्रिल १९३० चा हेवा वाटतो. त्या संध्याकाळी बीबीसीच्या निवेदकानं, आज काहीही बातमी नाही, असं सांगितलं आणि उरलेला वेळ पियानो वाजवण्यात गेला. जगात त्या दिवशी खरोखर काही झालं नसेल, असं थोडंच आहे? कुणीतरी जन्मलं असेल, कुणीतरी भांडलं असेल, सांगलीत एखाद्या आजोबांनी ओट्यावर कार्ड फाडलं असेल. पण ‘आता सांगण्यासारखं काही नाही’ असं म्हणून गप्प बसण्याचं धैर्य त्या एका संध्याकाळी एका संस्थेनं दाखवलं. पुढं आमच्या लहानपणी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्याही अशाच सभ्य पाहुण्यासारख्या ठरल्या वेळी येऊन ठरल्या वेळी उठत. मागोमाग एखादी सतार लागे आणि मघाशी ऐकलेला अपघात तिच्या मिंडेबरोबर हळूहळू विरघळून जाई. २०२० च्या मार्चमध्ये, महामारीच्या तोंडावर, जागतिक आरोग्य संघटनेनं सल्ला दिला होता की अस्वस्थ करणाऱ्या बातम्या कमी पाहाव्यात आणि माहिती दिवसातून एकदोनदा, ठरल्या वेळीच घ्यावी. आजोबांना ते वाचून बरं वाटलं असतं. फक्त अंघोळीचा उल्लेख राहून गेला, एवढीच त्यांची तक्रार असती.

आणि तरीही कानांत बोळे घालून बसावं, असं मन म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपलं होतं आणि किल्लारीची जमीन हादरली. दुपारपर्यंत बातमी आमच्या वाड्यात पोचली होती, आणि संध्याकाळी चौकात पोळपाट मांडले होते. ज्या दोन जावांचं वर्षभर बोलणं नव्हतं त्यातली एक लाटत होती, दुसरी भाजत होती. कुणी चादरी आणल्या, कुणी पोरांचे स्वेटर. एका शेजारणीनं लग्नातली पैठणी आणून दिली. भूकंपात पैठणीचं काय करायचं हे कुणालाच कळेना, पण नको म्हणायचा धीरही कुणाला झाला नाही. इतकी भयानक बातमी, पण त्या रात्री वाड्यात सगळे गाढ झोपले. घोड्यांना रपेट मिळाली होती.

मावशीनं आता नवा टीव्ही घेतला आहे आणि तो माडीवर बसवला आहे. तिथवर पाणी येणार नाही, आणि गुडघ्यांमुळे तीही वारंवार जाणार नाही, असा दुहेरी हिशोब. पुरानंतर तिला एक सवय लागली आहे. एखादी बातमी पाहिली की ती पडद्याला मोठ्यानं विचारते, “बरं, मग मी काय करू?” निवेदक उत्तर देत नाही. तेवढ्यात तो दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेला असतो. मग ती टीव्ही बंद करून खाली येते. गव्यांच्या बातम्या मला येईनाशा झाल्या, आणि खरं सांगायचं तर थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं.

गेल्या पावसाळ्यात मात्र तिचा फोन आला. हिमालयात कुठंतरी ढगफुटी झाली होती, घरंच्या घरं वाहून गेली होती. “आपलं कुणी आहे का रे तिकडं?” तिनं विचारलं.

“नाही गं, आपलं कुणी नाही.”

“मग त्यांचं कुणीतरी असेलच की.” ती जरा थांबली. “आमच्या भिशीतल्या बायकांनी पैसे काढलेत, मदतनिधीला पाठवायला. तुझे किती धरू?”

मी आकडा सांगितला.

“एवढेच?” मावशी म्हणाली. “दिवसभर बघतोस की रे सगळं!”